उंदरिणीचं दूध आणि बिनपंखांची माशी

उंदराचं नुकतं जन्मलेलं पिल्लू जेमतेम ग्रॅमभर वजनाचं असतं. अंगावर केस नाहीत, डोळे मिटलेले, आणि कातडी इतकी पातळ की आईचं दूध पोटात गेलं की डाव्या बाजूला एक पांढरा ठिपका बाहेरून स्पष्ट दिसतो. हा ठिपका उमटायच्या आत पिल्लू उचलायचं आणि दुसऱ्याच उंदरिणीच्या कुशीत नेऊन ठेवायचं. ते तिच्या दुधावर वाढतं, मोठं होतं, त्याला स्वतःची पिल्लं होतात. मग वर्षभर रोज पिंजरा उघडून पोटाखालून बोट फिरवायचं आणि पाहायचं, गाठ लागते का.

१९३६ साली अमेरिकेतल्या जॅक्सन प्रयोगशाळेच्या जॉन बिटनर यांनी अशा अदलाबदलीचे निकाल छापले, आणि कर्करोगावर काम करणारे लोक चक्रावून गेले. उंदरांचे काही वंश असे होते की त्यांतल्या बहुतेक माद्यांना स्तनाचा कर्करोग व्हायचाच. आई, मुलगी, नात, पणती, कोणी सुटत नसे. सगळे म्हणत, हे रक्तातच आहे. पण त्याच वंशाची पोर निरोगी वंशाच्या दाईच्या दुधावर वाढवली, तर ती बहुधा वाचत होती. रक्त तेच होतं, बदललं होतं फक्त दूध. म्हणजे दुधात काहीतरी होतं. ते काय, हे कोणालाच सांगता येईना, म्हणून बिटनर यांनी त्याला नुसतं ‘दुधातला घटक’ म्हटलं.

या कोड्यामागे ज्यांनी उभी हयात लावली, त्यांत पुण्याची एक मुलगी होती. कमल समर्थ, जन्म ८ नोव्हेंबर १९१७. वडील दिनकर समर्थ फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवत. मुलींची शाळा म्हणून १८८४ पासून नावाजलेली हुजूरपागा, नंतर वडिलांचंच फर्ग्युसन, आणि मग शिवाजीनगरचं कृषी महाविद्यालय, असा तिचा सगळा प्रवास या शहराच्या एका लहानशा टापूत झाला. मुलीने डॉक्टर व्हावं आणि डॉक्टरशीच लग्न करावं, ही वडिलांची इच्छा. तिने दोन्ही गोष्टी केल्या नाहीत. १९३९ मध्ये तिने गणितज्ञ ज. त्र्यं. रणदिवे यांच्याशी लग्न केलं, आणि १९४३ मध्ये एम.एस्सी.साठी जो विषय घेतला तो होता सीताफळ-रामफळाच्या कुळातल्या वनस्पतींची गुणसूत्रं.

कर्करोगाच्या पुढच्या कामापुढे हा तपशील किरकोळ म्हणून सोडून दिला जातो. मला तो फार मोलाचा वाटतो. सीताफळाच्या मुळाच्या टोकाशी पेशी सतत दुभंगत असतात. त्या टोकाचे पातळ काप काढून, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरले की एखादीच पेशी नेमक्या क्षणी पकडलेली सापडते. तिच्यातली चौदा गुणसूत्रं सुटी सुटी, मोजता येण्याजोगी पसरलेली दिसतात. शेकडो पेशी नुसत्या न्याहाळायच्या आणि त्या एकीची वाट पाहायची. पेशी दुभंगते म्हणजे काय होतं, ते किती काटेकोरपणे होतं, हे ज्याने असं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, त्याला कर्करोगाचा प्रश्न वेगळाच दिसणार. कारण कर्करोग म्हणजे शेवटी थांबायला विसरलेलं पेशीविभाजनच.

लग्नानंतर मुंबईला आल्यावर कमल रणदिवे टाटा मेमोरियल रुग्णालयात काम करू लागल्या. रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झालेलं, आणि तिथल्या प्रयोगशाळांचे प्रमुख होते वसंत रामजी खानोलकर. भारतातल्या विकृतिशास्त्राचा पाया घालणारा हा माणूस. रोगी तपासायचा आणि रोग मात्र प्रयोगशाळेत समजून घ्यायचा, हा त्यांचा आग्रह. त्यांच्या हाताखाली रणदिवेबाईंनी पीएच.डी.साठी स्तनाचा कर्करोग निवडला आणि सीताफळावरून त्या उंदरांवर आल्या.

उंदरांच्या पिंजऱ्यात तेव्हा तीन संशयित होते. पहिला आनुवंशिकता. सख्ख्या भावाबहिणींचा संकर सलग वीस पिढ्या केला की त्या वंशातले सगळे उंदीर जनुकांच्या दृष्टीने जवळजवळ एकच होतात. उंदरांची पिढी तीनेक महिन्यांची धरली तरी एक शुद्ध वंश उभा करायला पाच-सहा वर्षं लागतात, आणि मधेच साथ आली, पिंजऱ्यांची सरमिसळ झाली की सगळं पाण्यात. असे वंश हाताशी असले की कळतं, एका घराण्यात कर्करोग ठेवलेलाच आहे आणि दुसऱ्यात तो औषधालाही सापडत नाही.

दुसरा संशयित संप्रेरकं, म्हणजे हार्मोन्स. १९३२ साली पॅरिसमध्ये आंत्वान लाकासान्य यांनी नर उंदरांना स्त्री-संप्रेरक टोचलं, आणि नरांना स्तनाचा कर्करोग झाला! काही वंशांत तर असं दिसे की व्यालेल्या माद्यांना गाठी होतात, पण कधीच न व्यालेल्या त्यांच्याच सख्ख्या बहिणींना क्वचित होतात. रक्त तेच, दूधही एकाच आईचं, फरक फक्त बाळंतपणाचा.

आणि तिसरा तो दुधातला घटक.

त्या काळात संशोधकांचे गट पडलेले होते. कोणी आनुवंशिकतेचा पुरस्कर्ता, कोणी संप्रेरकांचा, कोणी दुधातल्या घटकाचा, म्हणजे बहुधा एखाद्या विषाणूचा. रणदिवेबाईंनी तिन्ही धागे एकत्र धरले. कर्करोगाला कमीअधिक बळी पडणारे उंदरांचे वंश शेजारी शेजारी वाढवायचे; त्यांच्या स्तनग्रंथी, अंडाशय, इतर ग्रंथी कापून पाहायच्या; कोणत्या वंशात कोणत्या वयात काय बदलतं याची नोंद ठेवायची. आनुवंशिक कल, संप्रेरकं आणि गाठीचा विषाणू यांचं आपसात काहीतरी नातं आहे, हे त्यांच्या कामातून पुढे आलं. १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळाली. नातं कसलं, ते मात्र अजून कोणालाच माहीत नव्हतं. डीएनएचा दुपदरी गोफ उलगडायलाही तेव्हा चार वर्षं अवकाश होता.

खानोलकरांनी त्यांना परदेशी जायला सुचवलं. शिष्यवृत्ती मिळवून त्या बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्समध्ये जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. या प्रयोगशाळेविषयी थोडं थांबून सांगायला हवं. गाय यांना शरीराबाहेर, काचेत, माणसाच्या पेशी जिवंत ठेवायच्या होत्या. त्यासाठी त्यांनी एक मोठं फिरतं पिंप बनवलं होतं. त्याला भोकं पाडून त्यांत काचेच्या नळ्या आडव्या बसवलेल्या. पिंप अगदी सावकाश, तासाला एखाद-दोन फेरे या गतीने फिरत राही. नळीच्या आतल्या भिंतीला चिकटलेल्या पेशी थोडा वेळ पोषक द्रवात बुडत, थोडा वेळ हवेत येत. द्रवात काय असे? कोंबडीच्या रक्तातला द्रव, वासराच्या भ्रूणाचा अर्क, आणि बाळंतपणात मिळालेल्या नाळेतल्या रक्ताचा निवळ. हा खुराक जंतूंना आणि बुरशीलाही तितकाच प्रिय असतो, त्यामुळे एक नळी दूषित झाली की महिनाभराचं काम वाया. १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स नावाच्या कृष्णवर्णीय बाईच्या गाठीतून घेतलेल्या पेशी याच पिंपात जगल्या, वाढल्या आणि कधी मेल्याच नाहीत. हेला नावाने त्या आजही जगभर वाढवल्या जातात. त्या घेताना तिला कोणी विचारलं नव्हतं, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी ती गेली. जीवशास्त्राच्या इतिहासात हा अन्याय त्या पेशींइतकाच जिवंत राहायला हवा.

ही विद्या घेऊन रणदिवेबाई परत आल्या. १९५२ मध्ये खानोलकरांनी परळला इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर उभं केलं होतं. तिथे त्यांनी प्रायोगिक जीवशास्त्राची आणि ऊतीसंवर्धनाची, म्हणजे टिश्यू कल्चरची, प्रयोगशाळा बांधली. देशातली ही अशी पहिलीवहिली प्रयोगशाळा म्हणून ओळखली जाते. परदेशांत गेलेल्या जीवशास्त्रज्ञांना आणि रसायनशास्त्रज्ञांना त्यांनी परत बोलावून घेतलं. १९६६ ते १९७० या काळात त्या संस्थेच्या संचालकपदाची धुरा सांभाळत होत्या.

कुष्ठरोगाचा अध्याय याच संस्थेतला. कुष्ठरोगाचा जंतू प्रयोगशाळेत बशीत वाढत नाही. आजही वाढत नाही. चं. वि. बापट, रणदिवे आणि खानोलकर यांनी १९५८ मध्ये कुष्ठरोग्याच्या शरीरातून मिळवून वाढवलेल्या एका जंतूचं वर्णन प्रसिद्ध केलं. तो खुद्द कुष्ठाचा जंतू नव्हता, त्याच्या दूरच्या भावकीतला निघाला. पण भावकीतल्या जंतूची ओळख पटली तर शरीर मूळ जंतूलाही ओळखू शकतं, या आधारावर पुढे त्याच संस्थेत त्याच्यापासून लस तयार झाली. १९८२ मध्ये रणदिवेबाईंना पद्मभूषण मिळालं. त्याआधी, १९७३ मध्ये, त्यांनी सहकारी बायकांना जोडीला घेऊन भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन केली. वाशीला या संघटनेने वसतिगृह आणि पाळणाघर चालवलं. विज्ञानातल्या बाईची अडचण नेमकी कुठे आहे, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. निवृत्तीनंतर त्यांनी अहमदनगर जिल्ह्यातल्या आदिवासी मुलांच्या पोषणाच्या नोंदी गोळा केल्या. ११ एप्रिल २००१ रोजी त्यांचं निधन झालं.

पण दुधाचं काय झालं?

१९७१ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात एक लेख आला आणि मुंबईचं नाव जगभर झालं. मुंबईतल्या पारशी स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त आहे, हे डॉक्टरांना माहीत होतं. समाज छोटा, लग्नं आपसात. उंदरांच्या शुद्ध वंशाशी साम्य कोणालाही सुचावं. अमेरिकेतल्या डॅन मूर यांच्या गटाने आणि मुंबईच्या सत्यवती सिरसाट, पेमास्टर, वैद्य यांनी पारशी स्त्रियांचं आणि अमेरिकन स्त्रियांचं दूध इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासलं. काही नमुन्यांत उंदराच्या विषाणूसारखे दिसणारे कण होते. केवढी खळबळ झाली असेल! पुढे बरीच वर्षं शोध चालला. माणसात असा विषाणू कर्करोग घडवतो, हे काही सिद्ध झालं नाही. उलट स्तनपान देणाऱ्या आईचा स्वतःचा धोका कमी होतो, हे आज पक्कं माहीत आहे, तेव्हा हे वाचून कोणी बाळाचं दूध तोडू नये.

मग उंदरांवरची ती सगळी मेहनत फुकट गेली का? इथून पुढची गोष्ट मला विसाव्या शतकातल्या विज्ञानाची सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

दुधातला घटक विषाणूच निघाला. त्याची जनुकं आरएनएची, सुमारे नऊ-दहा हजार अक्षरांची. १९७० मध्ये हॉवर्ड टेमिन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी स्वतंत्रपणे दाखवलं की असे विषाणू आपल्या आरएनएवरून उलटा डीएनए लिहितात. मग तो पेशीच्या डीएनएत कायमचा शिवला जातो. एकदा शिवला की तो त्या पेशीचाच झाला. पेशी दुभंगली की त्याचीही नक्कल होते.

आता त्याचा प्रवास पाहा. पिल्लू दूध पितं, विषाणू आतड्यात पोहोचतो. स्तनग्रंथी तर अजून बनलेलीही नाही. मग तो आतड्याच्या भिंतीतल्या प्रतिकारपेशींत शिरतो आणि त्यांच्या पृष्ठभागावर स्वतःचं एक प्रथिन उभं करून टी-पेशींची अख्खी पलटण जागी करतो. जाग्या झालेल्या पेशी वाढतात, आणि त्यांच्यासोबत विषाणूही वाढतो. ज्या पेशींनी त्याला मारायचं, त्यांच्याच खांद्यावर बसून तो वयात येत असलेल्या स्तनग्रंथीपर्यंत जातो. ज्या उंदरांत त्या टी-पेशी जन्मतःच नसतात, त्यांत या विषाणूची डाळ शिजत नाही. काही घराणी का सुटतात, त्याचं एक उत्तर असं प्रतिकारशक्तीत सापडलं.

आणि संप्रेरकं? विषाणूच्या डीएनएच्या दोन्ही टोकांना एक तुकडा असतो, जो जनुकं चालू-बंद करतो. त्या तुकड्यात गरोदरपणी वाढणाऱ्या संप्रेरकांची खूण ओळखणारी जागा आहे. मादी गाभण राहिली, संप्रेरकं वाढली, की ती संप्रेरकं स्वीकारणारी प्रथिनं थेट त्या जागेवर येऊन बसतात आणि विषाणूच्या प्रती भराभर निघू लागतात. वेळ अगदी अचूक साधलेली, कारण आता दूध उतरणार आहे आणि दुधातून पुढच्या पिढीत जायचं आहे. व्यालेल्या बहिणीला गाठ का आणि न व्यालेलीला का नाही, हे आता कळतं. आनुवंशिकता, संप्रेरकं, दूध: रणदिवेबाईंनी एकत्र धरलेले तिन्ही धागे डीएनएच्या काही हजार अक्षरांत एकमेकांत विणलेले निघाले.

तरी एक प्रश्न उरतोच. या विषाणूजवळ कर्करोग घडवणारं स्वतःचं जनुकच नाही. मग गाठ होते कशी?

रोएल नुस आणि हॅरोल्ड वार्मस यांनी याचं उत्तर १९८२ मध्ये दिलं. विषाणू पेशीच्या डीएनएत कुठेही शिवला जाऊ शकतो. अब्जावधी अक्षरांत जागा कुठलीही. पण त्यांनी वेगवेगळ्या उंदरांच्या गाठी तपासल्या, तर बहुसंख्य गाठींत तो एकाच छोट्या पट्ट्यात येऊन बसलेला दिसला. त्या पट्ट्यात उंदराचं स्वतःचं एक जनुक होतं. मोठ्या मादीच्या स्तनग्रंथीत ते झोपलेलं असायला हवं. शेजारी येऊन बसलेला विषाणू स्वतःसाठी आरडाओरडा करतो आणि त्या गोंगाटात हे जनुकही जागं होतं. एवढंच. लाखो पेशींत विषाणू लाखो जागी बसतो आणि काही होत नाही. एका पेशीत तो नेमका इथे बसतो, आणि त्या एका पेशीपासून गाठ वाढते. या जनुकाचं नाव ठेवलं इंट-१.

हे जनुक एरवी करतं तरी काय? उंदरात पाहून कळेना. उत्तर आलं ते एका माशीकडून.

१९७३ मध्ये दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतल्या आर. पी. शर्मा यांनी फळमाशीचा एक नवा प्रकार नोंदवला होता. पिकलेल्या केळ्यावर घोंगावणारी तीच इवलीशी माशी. पण यांतल्या काही माश्यांना पंखच नव्हते. भिंगातून नीट पाहिलं तर आणखी अजब दिसे: जिथे पंख फुटायचा तिथे पाठीचाच तुकडा पुन्हा, आरशातल्यासारखा उलटा, उगवलेला. जणू तिथल्या पेशींना ‘इथे पंख करा’ हा निरोपच मिळाला नाही आणि त्यांनी शेजारचं बघून पाठ केली. शर्मा आणि व्ही. एल. चोप्रा यांनी १९७६ मध्ये त्यावर सविस्तर लिहिलं. जनुकाचं नाव साहजिकच ‘विंगलेस’.

१९८७ मध्ये इंट-१ चा माशीतला जोडीदार शोधला गेला. तो होता विंगलेस. उंदरिणीच्या गाठीत जागं झालेलं जनुक आणि दिल्लीच्या माशीत हरवलेलं जनुक एकच! माशी आणि उंदीर यांचे पूर्वज पन्नास कोटींहून जास्त वर्षांपूर्वी वेगळे झाले. एवढ्या काळात निसर्गाने हा निरोप जपून ठेवला. दोन्ही नावं सांधून या सगळ्या कुटुंबाला विंट म्हणू लागले. आपल्यात, म्हणजे माणसात, अशी एकोणीस जनुकं आहेत.

विंट हा पेशीने शेजारच्या पेशीला पाठवलेला निरोप आहे. तो पोहोचल्यावर आत काय घडतं ते असं. प्रत्येक पेशी बीटा-कॅटेनिन नावाचं प्रथिन दिवसरात्र बनवत असते आणि दिवसरात्र नष्टही करत असते. रोज साठणारा कचरा घंटागाडी रोज घेऊन जाते, तसं प्रथिनांचं एक टोळकं बीटा-कॅटेनिन उचलून विल्हेवाटीला पाठवतं. विंटचा निरोप आला की ही गाडी बंद पडते. बीटा-कॅटेनिन साठतं, केंद्रकात शिरतं आणि जनुकांचा एक संच चालू करतं: वाढ, दुभंग, इतक्यात प्रौढ होऊ नकोस. निरोप थांबला की गाडी पुन्हा चालू. बनवायचं आणि लगेच मोडायचं, हे उधळपट्टीचं वाटतं. पण त्यामुळेच पेशी काही मिनिटांत प्रतिसाद देऊ शकते.

आपल्या आतड्याचं अस्तर चार-पाच दिवसांत सगळंच्या सगळं नवं होतं. या क्षणीही होत आहे. अस्तराच्या खोलगट कप्प्यांच्या तळाशी मूळपेशी असतात आणि त्यांना तिथेच विंटचा निरोप मिळत राहतो. वर सरकलेल्या पेशीला निरोप मिळेनासा होतो, ती प्रौढ होते, दोन-तीन दिवस अन्न शोषते आणि गळून पडते. आता त्या टोळक्यातलं एपीसी नावाचं प्रथिन मोडलं असं समजा. निरोप नसतानाही बीटा-कॅटेनिन साठत राहतं. पेशी वर सरकते, पण तिला वाटतं आपण अजून तळाशीच आहोत. ती दुभंगत राहते. मोठ्या आतड्याच्या कर्करोगांपैकी बहुतांश कर्करोगांची सुरुवात याच बिघाडाने होते. ज्या घराण्यांत एपीसीची एक प्रत जन्मतःच बिघडलेली असते, तिथे तरुणपणीच आतड्यात शेकडो कोंब दिसू लागतात. रणदिवेबाईंनी उंदरिणीच्या दुधात शोधलं त्याचं टोक माणसात निघालं ते असं, वेगळ्याच अवयवात आणि विषाणूशिवाय.

हा धागा पुण्यातही परत आला आहे. गणेशखिंडीत विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्र आहे. १९८० च्या दशकात पेशी वाढवून जपायची राष्ट्रीय सोय म्हणून त्याची सुरुवात झाली, आणि देशभरच्या प्रयोगशाळा आजही तिथून पेशी मागवतात. याच संस्थेत संजीव गलांडे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी सॅटबी-१ नावाच्या प्रथिनावर काम केलं. एका पेशीत दोन मीटर डीएनए काही हजारांश मिलिमीटरच्या केंद्रकात घडी घालून ठेवलेला असतो. कुठली घडी कुठे, यावर कुठलं जनुक वाचलं जाईल ते ठरतं. सॅटबी-१ या घड्या सांभाळतं. २०१० मध्ये या गटाने दाखवलं की टी-पेशींत विंटचा निरोप आला की बीटा-कॅटेनिन थेट सॅटबी-१ ला येऊन मिळतं, आणि टी-पेशीने पुढे कोण व्हायचं, हे त्यावर अवलंबून राहतं. त्याच वर्षी गलांडे यांना भटनागर पुरस्कार मिळाला. पुढे पाषाणच्या आयसर या विज्ञानसंस्थेतून, २०१६ मध्ये, मोठ्या आतड्याच्या कर्करोगात विंट आणि सॅटबी-१ एकमेकांना कसे चढवत नेतात, ते त्यांच्या गटाने मांडलं.

त्याच आयसरमध्ये एल. एस. शशिधर यांच्या प्रयोगशाळेत माश्या होत्या. माशीला पंखांची एकच जोडी का, असा त्यांचा प्रश्न. बहुतेक कीटकांना दोन जोड्या असतात. माशीची मागची जोडी आक्रसून तोल सांभाळणाऱ्या दोन गोळ्यांसारखी झाली आहे. हैदराबादला असतानाच त्यांच्या गटाने दाखवलं होतं की मागच्या जोडीच्या जागी अल्ट्राबायथोरॅक्स नावाचं जनुक विंगलेसचा निरोप दाबून टाकतं. निरोप गेला, पंख गेला. पंख किती मोठा व्हावा आणि कुठे थांबावा, हा प्रश्न आणि गाठ का थांबत नाही, हा प्रश्न: दोन्हींची उत्तरं पेशींच्या त्याच निरोपांत शोधायची आहेत, म्हणून माशी अभ्यासणारे कर्करोगावर आणि कर्करोग अभ्यासणारे माशीवर येऊन पोहोचतात.

एवढं सगळं कळल्यावर औषध का नाही, असं कोणी विचारेल. बरोबर आहे, कारण विंटचा निरोप अडवणं जमतं. पेशीतून बाहेर पडण्याआधी विंटला एक स्निग्धाम्ल जोडावं लागतं आणि ते काम पॉर्क्युपाइन नावाचं प्रथिन करतं. हे प्रथिनसुद्धा आधी फळमाशीतच सापडलं. त्याला रोखणारी रसायनं बनली, रुग्णांवर चाचण्याही झाल्या. विंटचा निरोप घेणाऱ्या दारांवर बसणारी प्रतिपिंडंही बनली. पण निरोप अडवला तो सगळ्या शरीरात अडतो. प्रतिपिंडं दिलेल्या काही रुग्णांची हाडं ठिसूळ होऊन मोडली, कारण हाडं रोज झिजतात आणि रोज भरली जातात ती विंटच्या सांगण्यावरून. पॉर्क्युपाइन रोखणाऱ्या औषधांनी अनेकांच्या तोंडाची चव गेली. जिभेवरच्या चवीच्या पेशी दर काही दिवसांनी नव्या होतात, आणि त्यांनाही हाच निरोप लागतो. म्हणून आता शोध सुरू आहे तो सगळीकडे विंट न अडवता फक्त गाठीतल्या पेशींत त्याचा पुढचा टप्पा कसा अडवायचा याचा: बीटा-कॅटेनिन केंद्रकात गेल्यावर ते कोणाशी हात मिळवतं, आतड्यात कोणाशी, टी-पेशीत कोणाशी, आणि गाठीत यांतलं काय वेगळं असतं.